वाचनालयातील जुने मराठी ग्रंथ जगासाठी खुले कसे करावेत

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आज कोणाला पाहायचा असेल तर कपाटाची किल्ली मागावी लागत नाही. १८५७ साली निघालेली त्याची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठातील दक्षिण आशियाविषयक डिजिटल संग्रहात शब्दवार शोधता येईल अशा रूपात ठेवलेली आहे, आणि त्याच संग्रहात दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. सांगलीतला विद्यार्थी, इंदूरमधला भाषांतरकार आणि न्यू जर्सीत वाढणारी मराठी मुलगी हे सारे तोच कोश एकाच वेळी उघडू शकतात. त्यासाठी वर्गणी नाही, अनामत नाही, ओळखपत्र नाही. ग्रंथालयांनी ज्ञान जगाला खुले करणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे ओपन ॲक्सेसच्या, चळवळीला २००२ च्या फेब्रुवारीत बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने स्पष्ट रूप दिले. तो जाहीरनामा मुख्यतः संशोधनलेखांसाठी होता. लेख कोणालाही वाचता, उतरवून घेता, छापता, वाटता आणि शोधता यावा, आणि त्याच्या आड पैसा, कायदा किंवा तंत्र यांपैकी कोणतीही भिंत येऊ नये, ही त्याची मागणी होती. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या जाहीरनाम्याने वस्तुसंग्रहालये, दप्तरखाने आणि ग्रंथालये यांच्याकडील सांस्कृतिक ठेव्यालाही हेच तत्त्व लागू केले. आपल्याकडील वाचनालयांचा संबंध येथे थेट येतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ही आणि अशी अनेक वाचनालये आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांपेक्षा जुनी आहेत, आणि त्यांच्या कपाटांत अशी पुस्तके आहेत ज्यांची दुसरी प्रत कोठे असेलच याची खात्री देता येत नाही.

अशा एखाद्या जिल्हा किंवा तालुका वाचनालयाने कॉपीराइट संपलेली मराठी पुस्तके जगासाठी खुली करायची ठरवली तर काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सांगितले आहे. यंत्रसामग्री हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग हक्कांची तपासणी हा असल्यामुळे त्यावर अधिक विस्ताराने लिहिले आहे.

पहिले पाऊल: ठराव

काम ग्रंथपालाच्या उत्साहावर सुरू होते आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की थांबते, हे टाळायचे असेल तर कार्यकारी मंडळाच्या सभेत लेखी ठराव करून घ्यावा. ठरावात तीन गोष्टी नि:संदिग्ध शब्दांत असाव्यात. कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांच्या प्रतिमा वाचनालय विनामूल्य आणि विनाअट प्रसिद्ध करील. त्या प्रतिमांवर वाचनालय स्वतःचा कोणताही नवा हक्क सांगणार नाही. आणि मूळ पुस्तके डिजिटायझेशननंतरही जतन केली जातील. तिसरी गोष्ट विसरू नये. प्रतिमा झाल्या म्हणून मूळ प्रत रद्दीत काढल्याचे प्रकार जगभर झाले आहेत, आणि कागदाचा पोत, बांधणी, समासातल्या हस्तलिखित नोंदी हे सारे कोणत्याही प्रतिमेत पूर्णपणे उतरत नाही.

मंडळात एक आक्षेप हमखास येतो: पुस्तके घरबसल्या मिळू लागली तर वाचनालयात येणार कोण? या आक्षेपाला आदराने पण ठाम उत्तर द्यावे. १८९० सालचे पुस्तक वाचण्यासाठी देवघेव विभागात रांग लागत नाही. ते पुस्तक कपाटात आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते, आणि ज्या अभ्यासकाला ते हवे असते तो दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या देशात असतो. पुणे येथील गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले हजारो जुने ग्रंथ आणि अहवाल इंटरनेटवर खुले केले आणि त्यामुळे ते ग्रंथालय आज महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांच्याही परिचयाचे झाले आहे. ज्या लोकांच्या देणग्यांवर आणि सरकारी अनुदानावर हे संग्रह उभे राहिले त्या लोकांचाच त्यांवर पहिला हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

हक्कांची तपासणी

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. मूळ कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. व्यवहारात एक सोपे सूत्र लक्षात ठेवावे: मृत्यूच्या वर्षात ६१ मिळवावेत, येणाऱ्या वर्षाच्या १ जानेवारीला ते साहित्य मुक्त होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ ला मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बा. सी. मर्ढेकर दोघेही १९५६ मध्ये गेले, त्यांचे २०१७ च्या आरंभी. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या कादंबऱ्या २०३७ पर्यंत हातात घेता येणार नाहीत, मग त्यांची पहिली आवृत्ती कितीही जुनी असो. पुस्तक जुने दिसते म्हणून ते मुक्त आहे, हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. २५ व्या वर्षी १९१५ साली पहिले पुस्तक लिहिणारा लेखक १९७५ पर्यंत जगलेला असू शकतो.

याच्या उलट गैरसमजही तेवढाच आहे. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे १८६७ च्या २५ व्या ॲक्टाप्रमाणे पुस्तक रजिस्टर केल्याची आणि सर्व हक्क प्रकाशकाने स्वाधीन ठेवल्याची ओळ असते. ती वाचून अनेक ग्रंथपाल पुस्तक बाजूला ठेवतात. मुदत संपल्यानंतर त्या ओळीला कायद्याने काही अर्थ उरत नाही. तशीच ओळ एखाद्या प्रकाशकाने काल काढलेल्या पुनर्मुद्रणावर छापली असली तरी हरि नारायण आपट्यांच्या मूळ मजकुरावर नवा हक्क निर्माण होत नाही. नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा आणि चित्रे एवढ्यापुरताच तो मर्यादित असतो. म्हणून प्रतिमा घेण्यासाठी शक्यतो लेखकाच्या हयातीतली किंवा त्यानंतर लगेचची आवृत्ती निवडावी.

एका पुस्तकात अनेकांचे हक्क एकत्र आलेले असू शकतात, आणि प्रत्येकाचे वर्ष वेगळे पाहावे लागते. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार या दोघांचीही मुदत संपलेली हवी. आगरकरांनी केलेले शेक्सपिअरचे रूपांतर निर्धास्तपणे घेता येते. तेच नाटक १९८० साली दुसऱ्या कोणी मराठीत आणले असेल तर ते घेता येत नाही. संतसाहित्याबाबत तर हे विशेष जपावे. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर कोणाचाही हक्क नाही, आणि वि. का. राजवाडे १९२६ मध्ये गेल्यामुळे त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रतही मोकळी आहे. परंतु एखाद्या अलीकडच्या सार्थ आवृत्तीतील अर्थ आणि विवेचन त्या संपादकाचे आहे. चित्रांचेही तसेच. साने गुरुजींच्या एखाद्या पुस्तकाच्या आवृत्तीला दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ असेल, तर दलाल १९७१ मध्ये गेले असल्यामुळे ते चित्र २०३२ पर्यंत मुक्त नाही. अशा वेळी मजकूर द्यावा आणि मुखपृष्ठाची प्रतिमा जतनासाठी वेगळी ठेवून द्यावी. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजली जात असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती छायाचित्रकाराच्या हयातीशी जोडली गेली आहे, त्यामुळे १९४० नंतरच्या सचित्र पुस्तकांत जपून पाऊल टाकावे.

आणखी दोन नियम मराठी संग्रहात वारंवार लागतात. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून तेथे १९५२ हे वर्ष धरावे. निनावी किंवा टोपणनावाने आलेल्या पुस्तकाची मुदतही प्रकाशनापासून मोजतात. मात्र त्या मुदतीत लेखकाची ओळख जाहीर झाली असेल तर पुन्हा हयातीचा नियम लागू होतो. मराठीत टोपणनावे बहुधा उघड गुपितच असत, त्यामुळे या सवलतीवर फार विसंबू नये.

नियतकालिकांच्या जुन्या फायली हा वाचनालयांचा सर्वांत मोलाचा आणि हक्कांच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचा साठा आहे. १८६७ मध्ये सुरू झालेले विविधज्ञानविस्तार किंवा का. र. मित्र यांचे मनोरंजन, ज्याच्या १९०९ च्या अंकापासून दिवाळी अंकांची परंपरा मानली जाते, यांच्या एकेका अंकात अनेक लेखक आहेत आणि प्रत्येकाचे मृत्यूचे वर्ष वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकातील अंकांपासून सुरुवात करावी, आणि पुढच्या अंकांसाठी लेखवार तक्ता तयार करावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यातून तयार होणारी लेखसूची स्वतःच अभ्यासकांना वरदान ठरते.

मृत्यूचे वर्ष शोधायचे कोठे? मराठी विश्वकोश आणि वाङ्मयकोश यांत प्रमुख लेखक सापडतात. पुस्तक नेमके कधी आणि कोठे निघाले हे पाहण्यासाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी असावी. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा तिच्या दोन भागांत मराठी मुद्रणाचा जवळजवळ सारा इतिहास नोंदलेला आहे. स्थानिक लेखकांची माहिती मात्र गावातच मिळते. नंतरच्या आवृत्तीची प्रस्तावना, शाळेची स्मरणिका, वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्तातील शोकप्रस्ताव आणि लेखकाचे कुटुंब हे खरे आधार. वर्ष मिळाले की ते कोणत्या आधारावर ठरवले तेही नोंदवावे. जेथे वर्ष मिळत नाही ते पुस्तक प्रसिद्ध करू नये. त्याची प्रतिमा घेऊन ठेवण्यास मात्र अडचण नाही: २०१२ च्या दुरुस्तीनुसार व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत साठवता येते. ही सवलत साठवण्याची आहे, इंटरनेटवर वाटण्याची नाही, हा भेद प्रत्येक कर्मचाऱ्याला समजावून सांगावा. हक्क शिल्लक असलेली पुस्तके स्कॅन करून एका वेळी एकाला उसनी देण्याचा इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतील डिजिटल ग्रंथालयाचा उपक्रम तेथील न्यायालयाने २०२३ मध्ये बेकायदेशीर ठरवला आणि २०२४ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला.

अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून एक बारकावा येथेच सांगतो, कारण तो बहुतेक मार्गदर्शकांत सुटलेला असतो. आपण ज्या ठिकाणी पुस्तके ठेवणार आहोत ती इंटरनेट आर्काइव्ह आणि विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियाच्या परिवारातील फाइलींचा खुला साठा) ही दोन्ही संकेतस्थळे अमेरिकेतून चालतात. १९४० पर्यंत निवर्तलेल्या भारतीय लेखकांचे हयातीतले साहित्य जुन्या ५० वर्षांच्या नियमानेच मोकळे झाले होते, त्यामुळे ते तिकडेही मोकळे आहे. १९४१ किंवा त्यानंतर गेलेल्या लेखकांचे साहित्य भारतात मुक्त झाले असले तरी अमेरिकेत त्यावर प्रकाशनापासून ९५ वर्षे हक्क असू शकतो. म्हणून पहिल्या तुकडीत आगरकर, हरिभाऊ आपटे, गडकरी, राजवाडे, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, लक्ष्मीबाई टिळक, केतकर अशा १९४० पूर्वी गेलेल्या लेखकांचीच पुस्तके घ्यावीत, आणि नंतरच्यांची भारतातील सर्व्हरवर, वाचनालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावीत.

निवड

हक्कांच्या दृष्टीने मोकळी ठरलेली सारी पुस्तके एकदम घेऊ नयेत. आधी इंटरनेटवर शोध घ्यावा, आणि तो नावाच्या वेगवेगळ्या लेखनांनी घ्यावा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुन्या सरकारी प्रकल्पातील असंख्य मराठी पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, परंतु त्यांची नावे रोमन लिपीत इतकी मोडूनतोडून लिहिलेली आहेत की सरळ शोधात ती सापडत नाहीत. सापडल्यावर पाने मोजावीत. त्या प्रकल्पातील प्रतिमा बहुतेक काळ्या-पांढऱ्या आहेत, आणि मधली पाने गळालेली किंवा अक्षरे कापली गेलेली पुस्तकेही त्यांत आहेत. अशा पुस्तकाची चांगली प्रत आपल्याकडे असेल तर ते पुन्हा करणे वाया जात नाही. त्यानंतर प्राधान्य द्यावे ते आपल्याच भागात छापलेल्या किंवा लिहिलेल्या पुस्तकांना. गावचा इतिहास, संस्थानी दरबाराची प्रकाशने, जातिसंस्थांची वृत्ते, शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या, स्थानिक नाटक मंडळ्यांची पद्यावली: गीतारहस्याच्या प्रती शंभर ठिकाणी मिळतील, ही पुस्तके मिळणार नाहीत.

प्रतिमा घेणे

१८८० ते १९५० या काळातील कागद आम्लामुळे तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो. पान उलटताना कोपरा हातात येतो. अशी पुस्तके सपाट स्कॅनरवर उपडी दाबू नयेत. वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर किंवा स्टँडवर बसवलेला चांगला कॅमेरा वापरावा, आणि पुस्तक पूर्ण १८० अंशांत न उघडता दोन्ही बाजूंना उताराचा आधार देऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखे ठेवावे. प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा पडावा, खिडकीचे ऊन येऊ देऊ नये. रिझोल्यूशन किमान ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके), बारीक टाइपासाठी ४०० डीपीआय, आणि रंगीत प्रतिमा. काळी-पांढरी प्रतिमा जागा वाचवते खरी, पण शाई फिकट झालेल्या ठिकाणचा अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांतला फरक ती पुसून टाकते.

पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पान घ्यावे, कोरे पानसुद्धा. मागच्या बाजूच्या जाहिराती अनेक जण वगळतात; तसे करू नये. पुस्तकाच्या अखेरीस छापलेली औषधांची, छापखान्याची आणि त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात, बारा आणे किंमत आणि टपालखर्च निराळा अशी सूचना, यांतून त्या काळचा ग्रंथव्यवहार कळतो, आणि आज पूर्णपणे हरवलेल्या काही पुस्तकांचे नाव केवळ अशा जाहिरातीतच उरलेले असते. घडीचे नकाशे आणि वंशावळी उलगडून स्वतंत्र घ्याव्यात. प्रत्येक पुस्तक संपल्यावर दुसऱ्या व्यक्तीने पृष्ठांक ताडून पाहावेत.

मूळ प्रतिमा टिफ किंवा उत्तम प्रतीच्या जेपेग स्वरूपात जशाच्या तशा ठेवाव्यात आणि त्यांवरून वाचकांसाठी पीडीएफ तयार करावे. फाइलच्या नावात दाखल क्रमांक असला की पुढे घोटाळा होत नाही. मूळ संचाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर. नदीकाठच्या गावांतील वाचनालयांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

काम बाहेरच्या एजन्सीला दिले तर करारात दोन कलमे हवीतच: मूळ प्रतिमांसह सर्व फाइली वाचनालयाच्या ताब्यात येतील, आणि एजन्सीला त्यांवर कोणताही हक्क राहणार नाही. पैसे पृष्ठतपासणी झाल्यावर द्यावेत.

नोंदी

प्रतिमा कितीही सुंदर असो, तिची नोंद नीट नसेल तर ते पुस्तक सापडत नाही. नाव, उपनाव, लेखक, भाषांतरकार, संपादक, प्रकाशक, छापखाना, गाव, आवृत्ती, वर्ष, पृष्ठसंख्या, विषय, दाखल क्रमांक, आणि हक्कांची स्थिती आधारासह, एवढे रकाने असावेत. सर्व मजकूर देवनागरी युनिकोडमध्ये लिहून नाव आणि लेखक यांचे रोमन लिप्यंतर जोडावे, कारण परदेशी ग्रंथालयांतील सूची आणि परदेशात वाढलेली मराठी मुले रोमन लिपीतूनच शोध घेतात. लेखकाचे नाव एकदा ठरवले की प्रत्येक पुस्तकाला तेच वापरावे, ह. ना. आपटे, हरि नारायण आपटे आणि हरिभाऊ आपटे अशा तीन नोंदी झाल्या तर एका लेखकाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात.

जुन्या मुखपृष्ठांवर वर्ष शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, परंतु शक चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये निघालेल्या पुस्तकासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८२९ हे १९०७-०८ होते. महिना दिलेला नसेल तर दोन्ही वर्षे लिहावीत आणि शकही तसाच ठेवावा.

ओसीआर, म्हणजे प्रतिमेतून मजकूर वेगळा काढणे, हे काम टेसरॅक्ट या मोफत प्रणालीने मराठीत होते. नव्या टाइपावर तिचे निकाल चांगले येतात. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या टाइपातील उभी जोडाक्षरे आणि झिजलेले खिळे यांवर चुका वाढतात, आणि शिळाप्रेस व मोडी यांसाठी तिचा उपयोग नाही. मजकूर दुरुस्त करताना एक पथ्य कसोशीने पाळावे. शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम येण्यापूर्वीच्या पुस्तकांत नाहीं, कांहीं, जेथें, केलें असे अनुस्वार आहेत. ते काढून टाकू नयेत. आजच्या लेखनाप्रमाणे केलेला मजकूर वाचायला सोपा असला तरी तो लेखकाचा उरत नाही, आणि भाषेच्या अभ्यासकाला तो निरुपयोगी होतो. शोधाच्या सोयीसाठी शीर्षकाच्या नोंदीत आजचे लेखन पर्यायी नाव म्हणून द्यावे, एवढे पुरे आहे.

प्रसिद्धी

पुस्तक एकाच ठिकाणी ठेवू नये. इंटरनेट आर्काइव्हवर वाचनालयाच्या संस्थात्मक ई-मेलवरून खाते उघडावे, व्यक्तीच्या खासगी ई-मेलवरून नव्हे. तेथे प्रत्येक पुस्तकाला एक रोमन ओळखनाम द्यावे लागते आणि ते नंतर बदलता येत नाही, म्हणून आधीच पद्धत ठरवावी: वाचनालयाचे संक्षिप्त नाव, मग दाखल क्रमांक. भाषा मराठी असे नोंदवले की ओसीआर तेथे आपोआप होते. दुसरे ठिकाण मराठी विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातील मुक्त पुस्तकांचे संकेतस्थळ. पीडीएफ विकिमीडिया कॉमन्सवर चढवून विकिस्रोतावर त्याची अनुक्रमणिका केली की एका बाजूला पानाची प्रतिमा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर दिसतो. एकाने तपासलेले पान पिवळे होते, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. या कामासाठी गावात असण्याची गरज नाही. निवृत्त शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळांचे सभासद यांना एकेक पुस्तक सोपवता येते, आणि तपासून झालेला मजकूर अंध वाचकांच्या वाचन-प्रणालीलाही वाचून दाखवता येतो, जे नुसत्या प्रतिमेने साधत नाही. तिसरे ठिकाण वाचनालयाचे स्वतःचे संकेतस्थळ; त्यासाठी जगभरची ग्रंथालये डीस्पेस ही मोफत प्रणाली वापरतात. कोणाच्या तरी गुगल ड्राइव्हची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणजे प्रसिद्धी नव्हे.

हक्कांच्या रकान्यात पब्लिक डोमेन, म्हणजे कोणाचाही हक्क न उरलेले, असे स्वच्छ लिहावे. प्रत्येक पानावर वाचनालयाचा ठळक शिक्का उमटवणे, फाइलला पासवर्ड लावणे, उतरवून घेण्यासाठी अर्ज मागणे, व्यापारी वापरास मनाई असे लिहिणे, यांतले काहीही करू नये. ज्या पुस्तकावरचा लेखकाचा आणि प्रकाशकाचाही हक्क संपला, त्याच्यावर स्कॅन करणाऱ्या संस्थेने कुंपण घालावे हे न्याय्य नाही. श्रेयाची अपेक्षा मात्र रास्त आहे. पहिल्या पानाआधी एक पान जोडून वाचनालयाचे नाव, स्थापनेचे वर्ष आणि पुस्तक देणगी दिलेल्या व्यक्तीचे जुन्या नोंदवहीतील नाव द्यावे.

हयात लेखक आणि वारस

सर्व काही जुन्या पुस्तकांपुरते थांबवण्याचे कारण नाही. स्थानिक इतिहास लिहून स्वखर्चाने छापणारे लेखक प्रत्येक तालुक्यात असतात, आणि पाचशे प्रती संपल्यावर त्यांच्या पुस्तकाची पुन्हा आवृत्ती निघत नाही. त्यांना भेटून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची माहिती द्यावी. श्रेय देऊन कोणीही वापरावे, आणि बदल केल्यास तोही त्याच अटींवर खुला ठेवावा, असा परवाना बहुतेकांना पटतो. संमती लेखी घ्यावी, तीत परवान्याचे पूर्ण नाव आणि आवृत्ती असावी, आणि हा परवाना मागे घेता येत नाही हे लेखकाला सही करण्याआधी स्पष्ट सांगावे. लेखक हयात नसेल तर एका वारसाची सही पुरत नाही. सर्व वारसांची लागते. प्रकाशकाशी करार झालेला असेल तर तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अशी पुस्तके संगणकावर जुळवलेली असली तर मूळ फाइल मागून घ्यावी, मात्र ती श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलून प्रत्येक पान ताडून पाहावे, कारण बदलताना रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने विनामूल्य उतरवून घेता येतील अशी ठेवली आहेत. संस्थांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडतो.

खुले ज्ञान वाचकापर्यंत पोचवणे

वाचनालय जसे देते तसे त्याने आणूनही द्यावे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली एक राष्ट्र, एक सदस्यता ही संशोधनपत्रिका वाचायला देणारी ६,००० कोटी रुपयांची योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आहे. तालुक्याच्या वाचनालयात बसणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, शेतीवर प्रयोग करणारा शेतकरी किंवा स्वतंत्र अभ्यासक तिच्या कक्षेत येत नाही. त्यांच्यासाठी खुले साहित्य हाच एक मार्ग आहे. संगणक कक्षात शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या खुल्या संग्रहातील प्रबंध, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००३ मध्ये सुरू केलेली खुल्या संशोधनपत्रिकांची डीओएजे ही सूची आणि मराठी विश्वकोश यांची ओळख करून देणारा एक तास आठवड्यातून ठरवून ठेवावा. ग्रंथपालाने स्वतः शेजारी बसून एक प्रबंध शोधून दाखवला तर त्याचा जो उपयोग होतो तो भिंतीवरच्या फलकाने होत नाही.

जानेवारीची नोंदवही

दरवर्षी १ जानेवारीला नव्या लेखकांचे साहित्य मुक्त होते, म्हणून मृत्यूच्या वर्षानुसार लावलेली एक नोंदवही ठेवावी आणि डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाची पुस्तके कपाटातून काढून त्यांची प्रत तपासून ठेवावी. स्वातंत्र्यवीर सावरकर १९६६ मध्ये गेले, त्यांचे हयातीतले लेखन १ जानेवारी २०२७ ला; आचार्य अत्रे १९६९ मध्ये, त्यांचे २०३० ला. हे सारे वर सांगितलेल्या अमेरिकेच्या नियमामुळे भारतातील सर्व्हरवर ठेवण्याचे साहित्य आहे, हे त्या नोंदीशेजारीच लिहून ठेवावे.

प्रत्येक पुस्तकाच्या पानावर संपर्काचा ई-मेल असावा. एखाद्या वारसाने किंवा प्रकाशकाने आक्षेप घेतला तर पुस्तक लगेच खाली घ्यावे, आपण नोंदवलेला आधार त्यांना पाठवावा, त्यांच्याकडील कागदपत्रे मागवावीत आणि आक्षेप निराधार ठरला तर पुस्तक पुन्हा वर चढवावे. कोणी पान सुटल्याचे कळवले तर मूळ प्रत काढून ते पान घ्यावे, पीडीएफ बदलावे आणि नोंदीत बदलाची तारीख लिहावी.